तळाचं पांढरं

रोझेनाऊ, विस्कॉन्सिन
२५ ऑगस्ट १९८१

प्रिय हुल्डाआत्या,

पत्र बघून दचकू नकोस, घरात सगळे ठीक आहेत. मी नाताळाला चार ओळी खरडणारा माणूस, मधेच ऑगस्टमध्ये पाकीट आलं म्हणजे तुला वाटणार कोणीतरी गेलं. कोणी गेलेलं नाही. मी शनिवारी घरी बिअर केली.

हसून घे. ज्या घरात बाबांनी बिअरच्या कारखान्याच्या कढईवर एकतीस वर्षं काढली आणि तुझ्या नवऱ्याने, आपल्या फर्डीकाकांनी, तिथलं खालचं तळघर सांभाळलं, त्या घरातल्या मी तेहेतिसाव्या वर्षी पहिल्यांदा हात घातला, तोही डब्यात. दोन वर्षांपूर्वी सरकारने घरी बिअर करायची मोकळीक दिली तेव्हापासून मनात होतं. मॅडिसनच्या एका दुकानात जवाच्या माल्टची काकवी डब्यातून मिळते. धान्य दळणं, भिजवणं, गाळणं काही नाही. डबा उघडा, पाण्यात ओता, उकळा. बाबांनी डबे पाहिले आणि म्हणाले, "बिअर डब्यातून? उद्या गायही डब्यातूनच आण, दूध पोचवायला सोपं पडेल." मी दुधाचा टँकर चालवतो ते त्यांना अशा वेळी बरोबर आठवतं.

शनिवारी ते पत्ते खेळायला गेले, आर्लीन मुलींना घेऊन माहेरी. तिचं टोमॅटोच्या बरण्या उकळायचं मोठं पातेलं घेतलं. पाणी खळखळलं तसा डबा उपडा केला. आग कमी केली नाही. जन्मभर बाबांचं ऐकलंय ना, ओतताना वाफ थांबवायची नाही, कढई थंडावली तर माणूस कामाचा नाही. काकवी सरळ तळाला जाऊन बसली. जळका वास आला तोवर ढवळायच्या पळीला काळे पापुद्रे यायला लागले होते. तेवढ्यात फेस चढला. दूध निदान सांगून चढतं ग. हा एका श्वासात पातेल्यावरून शेगडीवर आणि शेगडीवरून जमिनीवर. हाताशी एक जग भरलेला होता, तो सगळा ओतला तेव्हा कुठे बसला.

मग तासभर उकळलं, कडवटपणासाठी हॉप्सची फुलं टाकली, बादलीत ओतलं, यीस्ट टाकलं, झाकण लावलं. आज तीन दिवस झाले, झाकणावरच्या नळीत एक बुडबुडा नाही. बादली तेव्हा गरम होती हे खरं, हाताला चटका बसत होता. बाबांच्या गोष्टीत हा भाग येतच नाही. त्यांची गोष्ट "आणि मग खाली फर्डीकडे सोडायचं" इथे संपते. काका गेले, त्यांना विचारता येत नाही म्हणून तुला विचारतो. गरमात पडलेलं यीस्ट जगतं का? थोडं उरलं असेल तर त्यातून परत वाढवता येतं का? पाकिटातलंच होतं, विशेष काही नाही, नुसती चौकशी.

तुझा,
डेल्बर्ट

डलूथ, मिनेसोटा
३० ऑगस्ट

चि. डेल्बर्ट यास,

पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा इतकी हसले की लेक खालून बघायला आली. अरे शहाण्या, कारखान्याची कढई वाफेवर तापायची. तिच्या तळाला आग नव्हतीच, मग जळणार काय? तुझ्या बापाने आयुष्यात पातेल्याखाली काडी ओढलेली नाही. घरच्या शेगडीवर काकवी ओतायची तर भांडं आधी उतरवून घ्यायचं, हे कुठल्याही जॅम करणाऱ्या बाईने सांगितलं असतं.

तुझं यीस्ट मेलं. उकळत्या पाण्यात पोहायला सोडलंस तर आणखी काय होणार? त्यातलं काही वाढत नाही, आशा सोड. पण रस वाया गेलेला नाही. नवं पाकीट आण आणि टाक. फर्डी मनगटाची आतली बाजू भांड्याला लावायचा, बाळाच्या दुधाची बाटली बघतात तसा. गरम नाही, गारही नाही, काहीच जाणवलं नाही की सोडायचं. चाळीस लोकांच्या तळघरात थर्मामीटर होते, तरी तो मनगटच लावायचा.

आता माझी बातमी. यंदा नऊ ऑक्टोबरला मी येते आहे. कारखान्याला कुलूप लागलं त्या दिवशी नऊ जणांनी शेवटच्या पिंपातली एकेक बाटली घरी नेली, गाळायची यंत्रं आधीच बंद झाली होती म्हणून न गाळलेली, आणि दर वर्षी त्या तारखेला एक उघडायची ठरलं. आठ वर्षं त्या बाप्यांनी बायकांना वासही घेऊ दिला नाही. फर्डीची उघडली तेव्हासुद्धा मी शेजारच्या खोलीत बटाटे सोलत होते. पण यंदाची ऑटमारची, तुझ्या बापाची, म्हणजे शेवटची. मी त्याला फोनवर म्हटलं, "मला एक घोट पाहिजे." तो म्हणाला, "ये."

तुला म्हणून सांगते, मी पाच वर्षं त्या घोटाची वाट बघते आहे. फर्डीच्या हातचं या जगात तेवढंच उरलंय. बसचं तिकीट काढलं.

तुझी,
आत्या

रोझेनाऊ
१३ सप्टेंबर

प्रिय आत्या,

नवं पाकीट टाकलं, मनगट लावून. दुसऱ्या दिवशी बुडबुडे आले. काल बाटल्या भरल्या. जळकी आहे, पण बिअर आहे.

हे लिहायला दोन आठवडे लागले. पुढचं लिहायला आणखी किती लागले असते माहीत नाही, पण तू तिकीट काढलंस.

यीस्ट पाकिटातलं नव्हतं.

काका म्हणायचे, त्या बाटल्यांच्या तळाला हे पांढरं यीस्ट आहे तोवर कारखाना बंद झालेला नाही. ते माझ्या डोक्यात बसलं होतं. त्या दुकानातल्या पुस्तकात लिहिलं होतं की बाटलीच्या तळाच्या गाळातून जुनं यीस्ट जागं करता येतं. मला वाटलं, आपण ते जागं करावं. नऊ तारखेला बाबांनी बाटली उघडायला जावं आणि मी टेबलावर त्याच यीस्टच्या ताज्या वीस बाटल्या मांडाव्यात. बाबांचं तोंड कसं होईल ते मी टँकर चालवताना रोज बघत होतो. एकदा तरी डब्यावरून बोलले ते परत घेतील, हेही मनात होतं, खोटं कशाला सांगू.

त्या शनिवारी मी कपाटातून बाबांची बाटली काढली. चिनी मातीचं बूच आणि तारेची कडी, उघडली काय, लावली काय, कळत नाही. तळाचं पांढरं मी त्या चटका बसणाऱ्या बादलीत ओतलं. वरची बिअर मी प्यायलो.

एवढंच असतं तर बरं. मी दुकानातली बिअर आणली, बाटलीत भरली, कडी लावली आणि जागेवर ठेवली. पण बाबा दर रविवारी चर्चहून आले की ती बाटली खिडकीशी धरून तळ बघतात. म्हणून मी आत चिमूटभर मैदा टाकला. गेल्या रविवारी त्यांनी बाटली उजेडात धरली, मान डोलावली, आणि रुमालाने पुसून आत ठेवली. मी तिथेच बसलो होतो. माझ्या हातात बटाट्याचं धिरडं होतं, ते मी परत ताटलीत ठेवलं.

मी काय करू?

डेल्बर्ट

डलूथ
१९ सप्टेंबर

डेल्बर्ट,

तुझं पत्र आल्यापासून मी कोणाशी नीट बोललेले नाही. लेक म्हणते, आई, डॉक्टरकडे जाऊ या. तिला काय सांगू?

बाटली उघडलीस ती मूर्खपणाने, ते मला समजतं. तुझा बाप आणि माझा नवरा दोघांनी मिळून याहून मोठे मूर्खपणे केलेत. नऊ वर्षं झाली होती, ते यीस्ट तसंही मेलेलं असेल. पण ते ठरवणारा तू कोण? आणि मैदा? स्वतःच्या बापाला मैदा दाखवलास? नवांतले उरलेले चार म्हातारे ती बाटली उघडून उभे राहणार, टोप्या काढणार, आणि मैदा पिणार?

काय करू म्हणून मला विचारतोस. ऑटमारला सांग. मला पत्रात लिहिणं सोपं आहे, मी सव्वादोनशे मैलांवर आहे. त्याला नऊ तारखेच्या आत सांग, समोर बसून.

आणखी एक. मला राग आहे, तो जाणार नाही. पण तू ती प्यायलास. जगात आता तू एकटाच आहेस ज्याने ती घेतली आणि जो ती मला सांगेल. ते चार बाप्ये सांगत नाहीत, विचारलं की "बिअरसारखी" म्हणतात. तर बस आणि कशी लागली ते लिही. सगळं लिही. तेवढं माझं देणं लागतोस.

हुल्डा

रोझेनाऊ
२७ सप्टेंबर

प्रिय आत्या,

बाबांना अजून सांगितलं नाही. तीनदा गेलो. एकदा हवामानावर बोललो, एकदा त्यांच्या गुडघ्यावर, एकदा त्यांनीच विचारलं, "काही हवंय का?" आणि मी वर्तमानपत्र मागून घेतलं. नऊच्या आत सांगतो.

तू विचारलंस ते लिहितो.

आधी पावाच्या कडेची चव आली, राय धान्याच्या काळ्या पावाची, नीट भाजलेल्या. गोड नाही, पण गोडाच्या जवळची. मग जिभेच्या दोन्ही कडांना कडवट, औषधासारखं नाही, हिरवा अक्रोड सोलून बोट तोंडात घातल्यावर येतं तसं. मधेच सफरचंदाचा एक वास आला आणि लगेच गेला. गिळल्यावर मागे राहिला तो थंडावा, ओल्या दगडाचा. लहानपणी तू मला काकांचा डबा घेऊन तळघरात पाठवायचीस, त्या जिन्यावर यायचा तोच.

डेल्बर्ट

डलूथ
२ ऑक्टोबर

चि. डेल्बर्ट यास,

हीच. होय, हीच. तो ओला दगड! तो कामावरून यायचा तेव्हा त्याच्या कोटाला तोच वास असायचा आणि मी म्हणायचे, कोट बाहेर टांग. तू लिहिलंस आणि तो दारात उभा राहिला. मी पत्र लेकीला वाचून दाखवलं, मग शेजारच्या मिसेस लुंडना. अक्रोडाचं मला कधी सुचलं नसतं, पण बरोबर, अगदी तसंच.

ते पान मी प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलंय. माझा घोट मला मिळाला, म्हणून तिकीट परत केलं. मी आले तर त्या टेबलाशी माझं तोंड मला लपवता येणार नाही, आणि तुझं काम मी करणार नाही. राग थोडा उतरलाय, पूर्ण नाही. ऑटमारला सांग. सात दिवस आहेत.

तुझी,
आत्या

रोझेनाऊ
११ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

नऊ तारखेला सकाळी सांगितलं. त्याआधीच्या सहा दिवसांत नाही, हे कबूल करतो.

बाबांनी स्वच्छ शर्ट घातला होता, टेबलावर पाच ग्लास पुसून ठेवले होते, फर्डीकाकांचा धरून. शुक्रवार होता, आर्लीन मासे तळत होती. ते कपाटाकडे जायला उठले तेव्हा मी म्हणालो, "बाबा, ती बाटली उघडू नका. तळाला मैदा आहे."

त्यांना आधी समजलंच नाही. मग मी सगळं सांगितलं. त्यांनी बाटली आणली आणि खिडकीशी धरली. "मैदा," म्हणाले. "सात रविवार मी मैद्याला मान डोलावतोय."

ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी विचारलं, "प्यायलास तरी का?"

आत्या, आता हे वाच आणि मग पत्र फाडायचं तर फाड. मी प्यायलो नाही. पुस्तकात लिहिलं होतं, वरची बिअर अलगद दुसऱ्या भांड्यात काढा. मी ती जगमध्ये काढली होती, बाबांना नऊ तारखेला देता येईल म्हणून. मग फेस चढला. पहिल्या पत्रात लिहिलं होतं ना, हाताशी जग होता तो ओतला. त्यात पाणी नव्हतं. काकांची शेवटची बिअर मी शेगडी विझवायला ओतली आणि फडक्याने पुसून घेतली. थेंबभरही तोंडात गेली नाही.

तुला "प्यायलो" लिहिलं कारण त्यात निदान हाव तरी दिसते. ओतली म्हणण्यात काहीच नाही. मग तू चव विचारलीस. मी तीन दिवस बसून ती रचली. रायचा पाव आर्लीनचा, अक्रोड आमच्या कुंपणातला, सफरचंद तर टेबलावरच पडलं होतं. जिना तेवढा खरा. मला वाटलं तुला बरं वाटेल. मग तू "हीच" लिहिलंस, शेजारणीला वाचून दाखवलंस, आणि तिकीट परत केलंस. तुझ्या पत्राला उत्तर द्यायची माझी हिंमत झाली नाही.

बाबांपुढे मात्र रचता आलं नाही. ते तोंडाकडे बघत होते. "घेतली नाही," म्हणालो.

ते म्हणाले, "नऊ वर्षांची झाली होती. गेली तीन-चार वर्षं ती ओल्या पुठ्ठ्यासारखीच लागायची, कोणी बोलायचं नाही एवढंच. पण पुठ्ठा आमचा होता." मग म्हणाले, "तुझ्या त्या डब्यातल्या किती बाटल्या आहेत?"

बाकीचे तिघे म्हातारे आले तेव्हा बाबांनीच सांगितलं, दोन वाक्यांत, माझ्याकडे बोट न करता. त्यांच्यातल्या क्लीटसने टोपी परत डोक्यावर घातली. बाबा म्हणाले, "बस. मासे तळलेत." ज्याची बाटली त्याने उभं राहून सगळ्यांना वाढायचं आणि शेवटी उरलेली आपण घ्यायची, हा त्यांचा नियम. बाबा आपल्या खुर्चीत बसले आणि मला म्हणाले, "उभा राहा." मी माझी बिअर ओतली. पाचवा ग्लासही भरला. लिअँडरने वास घेतला आणि म्हणाला, "शेगडी चांगली विझलेली दिसतेय." सगळ्यांनी उभं राहून, टोप्या काढून, जळकी बिअर तळापर्यंत प्यायली. तोंड वाकडं करायचा त्यांना हक्क होता, पण कोणी केलं नाही. मला जमिनीत जावंसं वाटलं.

जाताना लिअँडर म्हणाला, "पुढच्या वर्षी?" बाबा म्हणाले, "पुढच्या वर्षी कोणाची बाटली नाही." तेव्हापासून ते माझ्याशी जेवणापुरतं बोलतात.

तुझा घोट मी दोनदा सांडला. क्षमा माग असं तू म्हटलं असतंस तर सोपं झालं असतं, पण कोणत्या तोंडाने मागू?

डेल्बर्ट

डलूथ
२० ऑक्टोबर

चि. डेल्बर्ट यास,

पत्र फाडलं नाही. चार दिवस चूल पेटवताना हाताशी ठेवलं होतं, एवढं सांगते.

मिसेस लुंड विचारतात, भाच्याचं आणखी काही आलं का. मी म्हणते, नाही. तेव्हा खोटं बोलायला मीही शिकले आहे, तुझ्याकडून.

पण तुला एक सांगायचं आहे आणि ते मी ऑटमारला, लेकीला, कोणालाच सांगितलेलं नाही. तू जे लिहिलंस ते फर्डीच्या बिअरसारखं होतं की नव्हतं, मला माहीत नाही. मी छत्तीस वर्षं ती रात्रीच्या जेवणाबरोबर प्यायले. रोजचं कोणी लक्षात ठेवतं का? तो गेला, वर्ष झालं, आणि एक दिवस आठवायला गेले तर काही नव्हतं. तोंडात नुसतं पाणी. म्हणून मला तो घोट हवा होता. म्हणून मी ऑटमारच्या मागे लागले. आणि तुझं पान आलं तेव्हा मी "हीच, हीच" म्हणून ओरडले, कारण काहीच नसण्यापेक्षा काहीतरी असावं म्हणून. ज्या बाईला नवऱ्याची चव आठवत नाही तिने तुला किती बोलायचं, हे मला कळेना, म्हणून उशीर झाला.

राग आहेच. मैद्याचा विशेष आहे. तो हिशोब ऑटमारचा आहे, तोच फेडून घेईल.

सोबत तुझं पान परत पाठवते आहे. रायचा पाव, अक्रोड, सफरचंद, ओला दगड. आता माझ्या डोक्यात फर्डीची म्हणून एवढीच उरली आहे, आणि ती तू घातलीस. तर ती करून आण. डब्यातून कर, कशातूनही कर, पण काकवी ओतताना भांडं उतरव आणि मनगट लाव. पहिल्या वेळी जमणार नाही, दहाव्यांदाही नाही. पुढच्या नऊ ऑक्टोबरला मी येते, ऑटमारला मी फोन करते. मी घोट घेईन आणि या वेळी खरं सांगेन.

मी सत्याहत्तर वर्षांची आहे. दमाने कर, पण फार दमाने नको.

तुझी,
आत्या